राईहून आणलेली जीप

दिवाळी सरली की मला राग यायला लागतो.

खरं तर हे दिवस वर्षातले सगळ्यात चांगले. आमच्या बेव्हर्ली पार्कातल्या गॅलऱ्यांतून उन्हाने विटलेले आकाशकंदील अजून लोंबत असतात, कारण ते उतरवायचं काम घरात कुणाचंच नसतं. सकाळी दूध आणायला खाली उतरलं तर हवेत गारव्याचा पातळ पापुद्रा असतो. शाळांच्या बसेस सुरू झाल्या की तो विरतो. भाईंदरच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला गेलं तर राई गावातली उरलीसुरली भातं कापून झालेली दिसतात. दोन इमारतींच्या मधे राहून गेलेल्या एखाद्या खाचरात धसकटं उभी असतात आणि त्यांच्यातून बगळे फिरत असतात. मिठागरांत भरतीचं पाणी घ्यायला सुरुवात झालेली असते. उत्तनकडून वारा सुटला तर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. कुणालाही बरं वाटावं असं सगळं. आणि नेमक्या याच दिवसांत, भांडी लावताना किंवा फळ्यावर समीकरण लिहिताना, माझे दात आपोआप एकमेकांवर दाबले जातात.

मिलिंद, माझा नवरा, याला पित्त म्हणतो. माझी आई वय म्हणते. मी पन्नाशीला आलेली, ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी बाई आहे. पित्त काय असतं ते मला कळतं. हा राग आहे. त्याला ऋतू आहे आणि वासही आहे. वास डिझेलचा आहे.

आमचे आप्पा माणगावजवळ कालव्याच्या खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. राखाडी रंगाची सरकारी जीप, वर कॅनव्हासचा टप, मागे समोरासमोर दोन बाकं. पावसाळाभर ती शेडमध्ये उभी असायची. दिवाळी झाली, भातं निघाली, जमीन टणक झाली की कालव्याची कामं सुरू व्हायची आणि साहेबांना बांधावरून फिरवायला जीप बाहेर पडायची. संध्याकाळी साहेबांना सोडलं की जीप शेडमध्ये लावायला जाताना आप्पा घराशी थांबत आणि आम्हा दोघांना घेऊन जात. पुढे आप्पा आणि त्यांच्या शेजारी नंदू, माझा दोन वर्षांनी धाकटा भाऊ. मागे मी. पायाशी स्टेपनी, मांडीवर आप्पांचा रिकामा डबा. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, झोडणीची धूळ, पेंढ्याच्या उडव्या, कालव्याच्या पाण्यावर तांबूस ऊन. पण जीपच्या मागच्या बाकावरून पुढचा रस्ता दिसत नाही. येऊन गेलेला रस्ता दिसतो. आणि जरा वाकून बसलं तर ड्रायव्हरचे पाय दिसतात.

मी काही वर्षं आप्पांचे पाय पाहिले. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला, गिअर पडला. जुन्या जीपचा गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबावा लागतो हे मला कुणी शिकवलं नाही. चपलेतल्या त्या पायांवरून मी ते वाचलं.

नंदूचे पाय क्लचला पुरायला लागले त्या वर्षी, भातं निघाल्यावर, आप्पांनी त्याला स्टिअरिंगवर बसवलं. माझे पाय केव्हाचेच पुरत होते.

*

गेल्या वर्षी याच दिवसांत मी राईतून एक जुनी जीप विकत घेतली.

कॉलेजातल्या एका सहकारी बाईंच्या मुलीचा साखरपुडा होता. जेवणं झाल्यावर हात धुवायला म्हणून मी मांडवाच्या मागे गेले, तर शेजारच्या घराच्या पडवीला लागून पत्र्याच्या आडोशाला ती उभी होती. हिरवट रंग, तोही जागोजागी उडालेला. बॉनेटवर एक कोंबडी बसलेली, ती उठायला तयार नव्हती. मी टप बाजूला सारून आत चढले. मागे नाही चढले. सरळ स्टिअरिंगच्या मागे जाऊन बसले आणि पायांनी क्लच शोधला. तो जिथे असायला हवा होता तिथेच होता. रेशमी साडी नेसलेली, डोक्यात अबोली माळलेली मी त्या भंगारात बसलेय हे पाहून दोन-तीन बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

घर नरेशचं होतं. हा रेती-खडी पुरवण्याचं काम करणारा, चाळिशीचा, बोलका माणूस. जीप त्याच्या वडिलांची. मिठागरांच्या बांधांवरून, चिखलातून चालावी म्हणून त्यांनी चारही चाकांना ताकद मिळणारी घेतली होती. भाजी, मासळी, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातून गेलेलं. वडील वारले आणि ती पत्र्याखाली गेली. विकायची आहे का, असं मी विचारलं. त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं, साहेब आले नाहीत का?

साहेब म्हणजे मिलिंद. घरी येऊन मी मिलिंदला सांगितलं तेव्हा त्याने आधी विचारलं, कशाला. मग विचारलं, लावायची कुठे. हे दोन्ही प्रश्न रास्त होते. मग त्याने हळूच विचारलं, तुला झेपेल का. आता, मिलिंदला गाडी चालवायला आवडत नाही. त्याला घाम फुटतो. आमची छोटी गाडी पहिल्या दिवसापासून मीच चालवते; त्याला डॉक्टरकडे मी नेते, लेकीला विमानतळावर सोडायला मी जाते. या माणसाला माझं काय झेपतं ते माहीत नसेल तर कुणाला असेल? मी तसं म्हटलं. तो म्हणाला, मी काळजीने विचारलं. काळजी हा शब्द वापरला की पुढे बोलता येत नाही. आमच्या घरात तो शब्द नेहमी शेवटचा असतो.

काशीमिऱ्याच्या एका गॅरेजवाल्याला नेऊन इंजिन दाखवलं, पासिंगचं काम नरेशने करून दिलं. त्या दिवसांत आम्ही राईला दोन-तीनदा गेलो आणि दर वेळी नरेश मिलिंदशी बोलत राहिला. ब्रेकबद्दल मी विचारलं की उत्तर मिलिंदला मिळायचं. राईत गाडीला गारी म्हणतात. "साहेब, गारी म्हंजे रानी हाय," तो सांगायचा, "म्याडमला घेऊन उत्तनला जा कवा." मिलिंद दर वेळी सांगायचा की गाडी ती घेतेय, चालवणार ती आहे. नरेश दर वेळी हसायचा, जसं लहान मुलाच्या हट्टाला हसतात, आणि पुन्हा मिलिंदकडे वळायचा. वाईट माणूस नव्हता तो. चहाशिवाय कधी सोडलं नाही. मला याचाच जास्त संताप येतो. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं.

जीप ताब्यात घ्यायच्या सकाळी त्याने तिला धुऊन काढलं होतं. बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. मी हात पुढे केला आणि त्याने माझ्या हाताच्या वरून चावी मिलिंदला दिली. मिलिंदने ती लगेच माझ्या हातावर ठेवली; तेवढं त्याने केलं. मग नरेशने नारळ मिलिंदच्या हातात दिला. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, फोड. नारळ कुणी फोडायचा यावरून मला भांडायचं नव्हतं. मला तिथून निघायचं होतं.

दारात नरेशची आई उभी होती. पार्वतीबाई. आधीच्या खेपांना तिने चहा आणून ठेवला होता आणि आत निघून गेली होती, त्यामुळे मी तिचा आवाजही ऐकला नव्हता. काटक अंगाची, सत्तरीकडे झुकलेली बाई. आज तिने इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि हातात कापडी पिशवी होती. ती पायऱ्या उतरून सरळ जीपपाशी आली आणि म्हणाली की मला घोडबंदरला लेकीकडे सोडा. नरेश वैतागला. रिक्षाने जा म्हणाला, यांना उलटं पडेल म्हणाला. ते खरं होतं. आमचं घर अलीकडे, घोडबंदर कितीतरी पुढे. पार्वतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"बाय, माला पुढं बसायचं हाय," ती मला म्हणाली.

मी म्हटलं, बसा. मिलिंद मागे चढला. त्याच्या मांडीवर पार्वतीबाईंची पिशवी आली.

*

चावी फिरवून जरा थांबायचं, हीटर तापला की मग सुरू करायचं. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, आणि मग अख्खी जीप अंगात आल्यासारखी थरथरू लागली. ती थरथर पायांतून वर चढली. राईच्या त्या अरुंद रस्त्यावर एकीकडे गटार, दुसरीकडे घरांच्या पायऱ्या, समोरून येणारी बस. स्टिअरिंगला इतकी ढिलाई की थोडं डावीकडे जायचं तर चाक बरंच फिरवावं लागत होतं. माझे खांदे भरून आले. मुर्ध्याच्या वळणावर गिअर उतरवायची वेळ आली तेव्हा मी काही विचार केला नाही. पाय दाबला गेला, सुटला, पुन्हा दाबला गेला आणि गिअर अलगद जागेवर बसला. इतक्या वर्षांनी, जीप एकदाही न चालवता. मला वाटलं होतं या क्षणी आनंद होईल. झाला तो संतापच. म्हणजे मला येत होतं. तेव्हाही येत होतं.

भाईंदरला रुळांवरून पलीकडे नेणारा उड्डाणपूल आहे. त्याच्या चढावर गाड्या थांबल्या होत्या. हँडब्रेक नावापुरता होता. मी एक पाय ब्रेकवर आणि एक क्लचवर ठेवून बसले, आणि पुढची रांग हलली तेव्हा जीप बंद पडली. मागे सरकली थोडी. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. एक बाइकवाला शेजारी आला, आत वाकून बघितलं आणि माझ्या डोक्यावरून मागे बसलेल्या मिलिंदला म्हणाला, "भाईसाब, आप ले लो ना. मॅडम से नहीं होगा."

मिलिंद गप्प बसला. बाइकवाला निघून गेल्यावर तो पुढे झुकला आणि म्हणाला, "मी घेऊ का?"

मी, घामाने ओली झालेली, मागे वळून त्याच्याकडे बघत राहिले. त्याला जीप सोडाच, साधी गाडी चढावरून निघत नाही. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. तरी ते वाक्य त्याच्या तोंडातून निघालं, शिंक यावी तसं.

"त्याला काय इचारतंस," पार्वतीबाई समोर बघत म्हणाली, "चल तू."

तिसऱ्यांदा जीप उठली. काळा धूर सोडत चढली. माथ्यावर आल्यावर डावीकडे दूर खाडी चमकली, आणि मग आम्ही पूर्वेच्या बाजूला उतरलो.

गोल्डन नेस्टच्या चौकानंतर रस्ता जरा मोकळा झाला. तेव्हा पार्वतीबाई बोलायला लागली. सलग नाही बोलली. एक वाक्य टाकायची, मग सिग्नल येईपर्यंत गप्प. इंजिनच्या आवाजात मला तिच्याकडे कान करून ऐकावं लागत होतं. तिच्या वडिलांनी तिला मोर्व्याला शेताचा एक तुकडा दिला होता, लग्नात. तो विकून नवऱ्याने ही जीप घेतली. तिचा अंगठा घेतला, काय विकतोय ते नंतर सांगितलं. जीप आली तेव्हा गावात मोठं कौतुक झालं. पुढे नवरा बसायचा आणि शेजारी त्याचा भाऊ. नरेश मोठा झाल्यावर नवरा आणि नरेश. ती मागे, टोपल्यांच्या मधे. पाट्या घसरू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून. आजवर एकदाही पुढे बसली नव्हती.

मी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. माझ्याच हातून काहीतरी चोरी झाल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, तुम्हाला नको असेल तर मी परत फिरवते, नरेशशी मी बोलते.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"इकली त्याचं काय न्हाय, बाय. ठेवून काय तिची पूजा करायची हाय? पन माला इचारलं न्हाय. बापानं इचारलं न्हाय, आता लेकानं बी न्हाय इचारलं."

बाप म्हणजे नरेशचा बाप. मागे मिलिंद पिशवी धरून अगदी स्थिर बसला होता. मी गिअर टाकला आणि आम्ही काशीमिऱ्याहून पुढे घोडबंदरकडे निघालो.

मी त्या बाईला ओळखत नव्हते. पण मला त्या वेळी असं वाटलं की माझ्या शेजारी मी आयुष्यभर पाहिलेला चेहरा बसला आहे. माझ्या मावश्यांचा, शाळेतल्या आमच्या शिपाईबाईंचा, स्टाफरूममधल्या सगळ्यांचा. आम्ही कुणी आरडाओरडा केला नाही. आमच्याकडे राग साठवायची पद्धत आहे. कैरी मिठात मुरवतात तसा तो मुरतो आणि मग वाढायला गेलं की लोक म्हणतात, अगं, हे किती आंबट झालंय.

घोडबंदर गाव खाडीच्या काठाला, हमरस्त्याच्या खडखडाटापासून जरासं आत. लेकीच्या घरासमोर जीप थांबली तसं लेक बाहेर आली आणि आईला पुढच्या सीटवर बघून तोंडावर हात ठेवून हसत सुटली. पार्वतीबाई हसली नाही. तिने सावकाश पाय खाली सोडले, पिशवी घेतली, मला म्हणाली की पाणी पिऊन जा. मी म्हटलं, पुन्हा येईन. मग ती आत गेली. जीपकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने. मला ते फार आवडलं.

परतताना मिलिंद पुढे येऊन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, छान चालवलीस. मी म्हटलं, पुलावर तू त्या माणसाला काहीच बोलला नाहीस. तो म्हणाला, मी मधे बोललेलं तुला आवडलं नसतं. तेही खरं असेल. रागाची पंचाईत हीच आहे की समोरच्याचं थोडंसं खरं असतं, आणि त्या थोडक्यासाठी आपण आपलं सगळं गिळतो. मी त्या दिवशी गिळलं नाही. बेव्हर्ली पार्क येईपर्यंत एक शब्द बोलले नाही, आणि त्यालाही बोलू दिलं नाही.

गेटवर वॉचमनने मिलिंदला सलाम ठोकला. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला, मिलिंदभाई, नयी गाडी मुबारक, पर पार्किंग का देख लेना.

*

पुढच्या रविवारी नंदू बायकोला आणि आईला घेऊन आला. तो डोंबिवलीला राहतो, आई त्याच्याकडे असते. जीप पाहून तो खरोखर हरखला. तिच्याभोवती फिरला, टपावर हात फिरवला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ताई, चावी दे, म्हणाला. मी दिली. तो एक चक्कर मारून आला, त्याच्या बायकोने स्टिअरिंगवर बसलेला त्याचा फोटो काढला, आणि आम्ही जेवायला बसेपर्यंत तो फोटो सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचला होता. खाली लिहिलं होतं, 'आप्पांची जीप अखेर घरी आली.'

त्याला फोन येत होते. तो एका हाताने जेवत, एका हाताने फोन कानाला लावून हसत होता. हो ना, आप्पांना आवडलं असतं. हो, त्यांनीच शिकवलं मला. माणगावच्या आत्याने मग मला फोन केला, नंदूने बापाची हौस पुरी केली हो, म्हणाली. मी म्हटलं, जीप मी घेतलीय, आत्या. ती म्हणाली, तेच गं, एकाच घरातलं ना.

फोन ठेवून मी नंदूला म्हटलं की आप्पांनी मला त्या जीपच्या स्टिअरिंगला हातही लावू दिला नाही. ते मी शांतपणे म्हटलं, इतकं शांतपणे की त्याला ती गंमत वाटली.

"अगं, तू कधी मागितलंच नाहीस," तो म्हणाला.

मागितलं होतं. कालव्याच्या बांधावर, अशीच दिवाळीनंतरची संध्याकाळ. नंदू चालवत होता, चौदा वर्षांचा, आप्पा त्याच्या डाव्या बाजूला. मी मागून म्हटलं, आप्पा, मला एकदा द्या ना. आप्पा मागे वळले नाहीत. पुढे बघतच म्हणाले, "सरकारी गाडी आहे. कुणी पाहिलं तर नोकरी जाईल माझी." एक चौदा वर्षांचा मुलगा ती सरकारी गाडी चालवत होता तेव्हा नोकरी शाबूत होती. नंदू हसला, हसताना त्याच्या हातून चाक वळलं, जीप बांधाच्या कडेला गेली आणि आप्पांनी त्याच्या हातांवर आपला हात ठेवून ती सावरली. त्याला ते रागावले नाहीत. अरे, समोर बघ राजा, एवढंच म्हणाले. मी मागे डबा धरून बसले होते. सोळा वर्षांची होते. त्यानंतर मी आप्पांकडे काहीच मागितलं नाही. शिक्षण स्कॉलरशिपवर केलं, लग्न स्वतः ठरवलं. लोक म्हणायचे, पोर किती समजूतदार.

आप्पा चांगले होते. आजारपणात मी त्यांची वेणीफणी करावी तशी दाढी करून दिली आहे, त्यांच्या उशाशी रात्री काढल्या आहेत. त्यांच्यावर माझं प्रेम होतं, अजून आहे. त्याने त्या संध्याकाळचं काही कमी होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर माझी बरीच वर्षं वाचली असती.

त्या रविवारी मी हे काही बोलले नाही. आईने माझा चेहरा ओळखला असावा. जाऊ दे गं, ती हळूच म्हणाली. मी नंदूला वरण वाढलं.

*

वर्षभर मी जीप चालवली. पावसाळ्यात राईच्या पुढे, जिथे रस्ता आणि खाचर यांत फरक उरत नाही, तिथून ती छोटा दांडा ओढून चारही चाकांनी निघते तेव्हा माझ्या पोटातून एक हसू येतं, ते दुसऱ्या कशानेही येत नाही. कॉलेजच्या मुली तिच्यात कोंबून बसतात. गिअरबॉक्सचं काम निघालं, ते मी उभी राहून करून घेतलं. पार्वतीबाई कधीमधी फोन करते. येतंस का, एवढंच विचारते. मी तिला राईहून घोडबंदरला नेते नाहीतर तिकडून परत आणते. ती पुढे बसते, रस्ता बघते. बोलतेच असं नाही. मिलिंद आता जीपबद्दल कुणी त्याला विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवतो आणि खोलीतून निघून जातो, म्हणजे विचारणाऱ्याला माझ्याशीच बोलावं लागतं. ही युक्ती त्याची त्यानेच शोधली. एवढ्या वर्षांत त्याने मला दिलेल्या भेटींत ही मी वरची मानते.

आणि दिवाळी सरली. सकाळी पुन्हा तो पापुद्रा हवेत आला.

गेल्या आठवड्यात नंदू आला, एकटाच. त्याच्या ऑफिसातले काही मित्र जुन्या जीपा घेऊन नागावच्या किनाऱ्याला जाणार आहेत. त्याला दोन दिवसांसाठी जीप हवी होती. त्याने ते मागितलंही नाही, सांगितलं. शुक्रवारी येऊन घेऊन जातो, रविवारी टाकी भरून परत.

मी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, नाही.

तो थांबला. काही काम आहे का जीपचं, त्याने विचारलं. नाही, म्हटलं. मग? तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसत, लहानपणी मला चिडवताना हसायचा तसं, म्हणाला, "ताई, रागबिग आहे की काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ आहे. सगळ्या बायकांना असतं. छे रे, राग कसला.

"हो," मी म्हटलं, "आहे."

त्याचं हसू राहिलं तिथेच, पण त्याच्यामागून चेहरा निघून गेला. मी त्याला सांगितलं. बांध, संध्याकाळ, मी मागून काय म्हटलं, आप्पा काय म्हणाले. तो कसा हसला तेही सांगितलं. माझा आवाज चढला नाही, पण कापत होता, आणि तो कापतोय याची मला लाज वाटली नाही. त्या फोटोखालच्या ओळीचंही सांगितलं. आत्याचा फोन सांगितला. तो मधे बोलला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. शेवटपर्यंत ऐकलं त्याने. कपाळाला आठ्या घालून, खरोखर आठवायचा प्रयत्न करत.

"मला खरंच आठवत नाही गं," तो म्हणाला.

मला माहीत होतं की त्याला आठवणार नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याला आठवायचं कारणच काय होतं? तो समोरचा रस्ता बघत होता.

"तुला आठवत नाही," मी म्हटलं, "हेच तर मी सांगतेय."

तो मान खाली घालून बसला. खाली कुणीतरी शिडी लावून कंदील उतरवत होतं, त्याची खुडबुड ऐकू येत होती. मग मी काय करू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. ते शोधायचं कामही मीच करायचं, असं मला त्या दिवशी वाटेना.

त्याने चहाचा कप उचलला, ओठांना लावला आणि पुन्हा खाली ठेवला. चहा गार झाला होता. एरवी मी उठून गरम करून आणला असता.

मी बसून राहिले.